देवाच्या बाजूने दिलेली चुकीची साक्ष



काही दिवसांपूर्वी सकाळच्या गाडीने मी उमरोळीहून पालघरला निघालो होतो. डब्यात एक तरुण भेटला. पूर्वी तो माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होता. आता बोईसरला नोकरी करतो आणि रविवारी स्वतः लहान मुलांचा वर्ग घेतो. मोठ्या आनंदाने म्हणाला, “सर, तुम्ही आम्हांला शिकवलेलं मी अजून मुलांना सांगतो. विश्वाच्या पहिल्या क्षणाचा ठसा शास्त्रज्ञांना दक्षिण ध्रुवावर सापडला, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकावर विज्ञानाने सही केली!” मी हसलो, “छान, छान” म्हणालो. एवढ्यात पालघर आले आणि मी उतरलो.

उमरोळी ते पालघर प्रवास तो केवढा! एवढ्या वेळात काय सांगणार, असे मी मनाला समजावले. पण दिवसभर मन खात राहिले. मी त्या मुलांना जे शिकवले होते, ते पुढे दहा महिन्यांत चुकीचे ठरले होते. ते मी वाचलेही होते, आणि कोणालाही सांगितले नव्हते.

म्हणून आज एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. एखादी गोष्ट देवाच्या बाजूची आहे, श्रद्धेला बळ देणारी आहे, पण पुढे ती खरी नव्हती असे कळले, तर ती परत घेण्याचे बंधन आपल्यावर आहे काय? की चांगल्या हेतूने सांगितले होते म्हणून ते तसेच राहू द्यावे?

उत्तर शोधण्यापूर्वी मूळ प्रकरण काय होते ते समजून घेऊ.

आकाशात दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे आठ मिनिटे लागतात, म्हणजे आपण आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य पाहतो. तारा जितका दूर, तितका त्याचा प्रकाश जुना. विश्वाचे वय आज सुमारे 1380 कोटी वर्षे मानले जाते. आरंभी ते इतके तप्त होते की त्यात प्रकाश सरळ जाऊच शकत नव्हता. दाट धुक्यात गाडीचा दिवा अडकावा तसा तो अडकून पडला होता. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचे झाले तेव्हा ते पुरेसे थंड झाले, धुके निवळले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच आदिप्रकाश आजही सर्व दिशांनी आपल्याकडे येतो आहे. विश्व पसरत गेले तसा तो ताणला जाऊन सूक्ष्मलहरींच्या रूपात उरला आहे. त्याचे तापमान आता शून्याखाली सुमारे 270 अंश सेल्सिअस आहे. पूर्वी टीव्हीचे स्टेशन गेले की पडद्यावर मुंग्या दिसत. त्या मुंग्यांमध्येही या प्रकाशाचा थोडासा वाटा असे.

हा प्रकाश अपघाताने सापडला. 1964 साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन या दोघांच्या अँटेनात एक बारीक खरखर येत होती. अँटेना कुठेही वळवली तरी ती जाईना. आत कबुतरांनी घरटे केले होते. दोघांनी कबुतरे हटवली, त्यांची विष्ठा साफ केली. खरखर तशीच राहिली. तेव्हा कुठे त्यांनी मानले की ही घरातली घाण नव्हे, बाहेरून येणारी गोष्ट आहे. पुढे 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आधी घरातली घाण साफ करायची, मग विश्वाबद्दल बोलायचे, हा त्यांचा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

या प्रकाशात एक कोडे होते. आकाशाच्या एका टोकाचे आणि समोरच्या टोकाचे तापमान जवळजवळ तंतोतंत सारखे आहे. फरक आहे तो लाखात एक भाग एवढाच. पण ती दोन टोके एकमेकांपासून इतकी दूर, की त्यांचा कधी संबंध आला असेल असे जुन्या हिशेबाने दिसत नव्हते. मग दोन्हीकडे सारखेपणा आला कुठून?

ॲलन गूथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1981 साली एक उत्तर मांडले. आपल्या घरात भाकरीचे पीठ मळतात तेव्हा मीठ छोट्या गोळ्यातच सगळीकडे मिसळते. मग भाकरी कितीही मोठी थापली तरी दोन्ही कडांना चव सारखीच लागते. तसेच विश्वाचे झाले. पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, सगळे एकमेकांजवळ असताना, ते अफाट वेगाने फुगले. याला शास्त्रज्ञ ‘इन्फ्लेशन’ म्हणतात, महागाईसाठी वापरतात तोच शब्द. आपण ‘फुगवटा’ म्हणू. विशेष म्हणजे, आपल्या मांडणीत हा फुगवटा नीट थांबत नाही, हा दोष गूथ यांनी आपल्या त्याच लेखात स्वतःच लिहून ठेवला. आंद्रेई लिंडे आणि इतरांनी नंतर त्यात सुधारणा केल्या. आज या कल्पनेचे एक नव्हे, कितीतरी प्रकार आहेत.

कल्पना सुंदर आहे म्हणून ती खरी ठरत नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते. फुगवटा झाला असेल तर आदिप्रकाशात त्याच्या खुणा हव्यात. एक खूण अशी: तापमानातले बारीक चढउतार मोठ्या आणि छोट्या आकारात जवळजवळ सारख्याच जोराचे असावेत, पण अगदी सारखे नसावेत. अगदी सारखे असतील तर एक ठरावीक आकडा 1 येतो. 2009 साली सोडलेल्या युरोपच्या ‘प्लँक’ उपग्रहाने तो सुमारे 0.965 मोजला, म्हणजे 1 पेक्षा किंचित कमी. ही परीक्षा फुगवटा उत्तीर्ण झाला. दुसरी खूण अधिक अवघड. फुगवट्याच्या वेळी अवकाशातच लहरी उठल्या असतील, तर आदिप्रकाशाच्या कंपनांच्या दिशेत एक विशिष्ट भोवऱ्यासारखी नक्षी उमटली पाहिजे. त्या लहरींचा जोर किती, यावर कोणता प्रकार टिकतो आणि कोणता पडतो हे ठरणार होते.

17 मार्च 2014 रोजी, उपवासकाळातल्या सोमवारी, दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-2’ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केले की ही नक्षी सापडली. जगभर वर्तमानपत्रांत ठळक बातम्या आल्या. लिंडे यांच्या घरी जाऊन एका सहकाऱ्याने त्यांना ही बातमी दिली, त्याची चित्रफीतही जगभर पाहिली गेली. त्या आनंदातही लिंडे यांनी एक शंका बोलून दाखवली. केवळ सुंदर आहे म्हणून आपण यावर विश्वास ठेवत असू तर, असे काहीसे ते म्हणाले.

मला ती शंका आली नाही. पुढच्या रविवारी, 23 मार्चला, मी वर्गात मुलांना सांगितले की विज्ञानाने देवाच्या निर्मितीचा पहिला क्षण पकडला. मुलांचे डोळे चमकले. एक मुलगा शाळेतल्या मित्रांच्या थट्टेमुळे खट्टू झाला होता, तो तर ताठ बसला. मलाही अभिमान वाटला.

मग धूळ आली. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर हवेत धूळ उडते आणि संध्याकाळचा सूर्य लालभडक दिसतो. तो रंग सूर्याचा की मधल्या धुळीचा? तोच प्रश्न येथे होता. आपल्या आकाशगंगेत अतिसूक्ष्म धूळ आहे. चुंबकीय क्षेत्रामुळे तिचे कण एका दिशेने रांगेत लागतात आणि त्यांच्यापासून येणाऱ्या लहरींतही तशीच नक्षी उमटू शकते. बायसेप-2 ने एकाच वारंवारतेवर मोजणी केली होती, त्यामुळे धूळ आणि आदिप्रकाश वेगळे करणे त्याला अवघड होते. प्लँक उपग्रह मात्र अनेक वारंवारतांवर पाहत होता. सप्टेंबर 2014 मध्ये प्लँकने दाखवले की त्या भागात धूळ अपेक्षेहून जास्त आहे. मग दोन्ही गटांनी, एकमेकांचे प्रतिस्पर्धी असूनही, आपापली मोजणी एकत्र केली आणि जानेवारी 2015 च्या अखेरीस जाहीर केले: जो संकेत दिसला होता, तो आदिकाळच्या लहरींचा पुरावा म्हणून उभा राहत नाही. धूळ वजा केली की निश्चित असे काही उरत नाही.

या प्लँक गटात आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील तरुण सौरदीप, संजित मित्रा हेही होते. म्हणजे ही तपासणी फक्त परक्या देशातील दूरची गोष्ट नव्हती.

ही दुसरी बातमी मी आतल्या पानावर वाचली. वाचून घडी घातली आणि ठेवून दिली. मनात म्हणालो, मुलांची श्रद्धा कशाला डळमळवायची? आणि मी काही खोटे बोललो नव्हतो. तेव्हा छापून आले तेच सांगितले होते.

बंधुभगिनींनो, आता मला वाटते की मार्चमधली माझी चूक ही चूक होती, पण जानेवारीनंतरचे माझे मौन हा अपराध होता.

आठवी आज्ञा आपण सगळे लहानपणी पाठ करतो: खोटी साक्ष देऊ नये. ती ऐकताना शेजाऱ्याविरुद्ध दिलेली साक्ष डोळ्यांपुढे येते. देवाच्या बाजूने दिलेली खोटी साक्ष कोणाच्या मनात येत नाही. पण ईयोबाचे पुस्तक पाहा. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याच्याशी वाद घालतात. जे त्यांना ठाऊक नाही तेही ठामपणे सांगतात. तेव्हा ईयोब त्यांना विचारतो की देवासाठी तुम्ही असत्य बोलणार काय? आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, आपला कैवार घेणाऱ्या त्या मित्रांवर. ज्याने स्वतः सत्य म्हणून आपली ओळख दिली, त्याला आपल्या असत्याचा टेकू लागत नाही.

विश्वाच्या आरंभाची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र. 1923 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1927 साली त्यांनी विश्व पसरत असल्याचे गणित मांडले आणि 1931 साली सगळे विश्व एका आद्य अणूतून निघाले असावे असे सुचवले. 22 नोव्हेंबर 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना, आधुनिक विज्ञान जणू सृष्टीच्या आरंभाची साक्ष देत आहे, अशा आशयाचे विचार मांडले. आपल्याला वाटेल, फादर लमेत्र यांना किती आनंद झाला असेल! तो झाला नाही. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा सिद्धांत आहे, उद्या मोजणीने तो पडूही शकतो, आणि त्याच्यावर श्रद्धेचे घर बांधू नये, असे त्यांचे मत होते. पुढच्या वर्षी सप्टेंबर 1952 मध्ये पोपमहोदय जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले, तेव्हा त्यांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. मला यात दोघांचेही मोठेपण दिसते. आदिप्रकाश सापडल्याची बातमी फादर लमेत्र यांना जून 1966 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी कळली. ज्याला घाई नव्हती, त्याला देवाने ती बातमी ऐकूनच नेले.

आता दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण, आपल्या महाराष्ट्रातले. डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे शिष्य, मराठीत विज्ञानकथा लिहून घराघरांत पोहोचलेले. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विश्वाला आरंभ होता हे त्यांना मान्य नव्हते. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी 1993 साली आपला वेगळा सिद्धांत मांडला. आदिप्रकाश हा आरंभाचा नसून ताऱ्यांचाच प्रकाश आहे आणि अवकाशातील धातूच्या सूक्ष्म कणांमुळे तो असा दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही.

पण नारळीकरांचे वागणे पाहा. 1988 साली स्थापन झालेल्या ‘आयुका’चे ते संस्थापक संचालक, 2003 पर्यंत. त्याच छपराखाली त्यांच्या मताविरुद्ध असलेल्या सिद्धांतावर काम करणाऱ्यांना त्यांनी जागा दिली. इतकेच नव्हे, तर 1991 साली थनू पद्मनाभन यांच्याबरोबर त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसाठी फुगवट्याच्या कल्पनेवर एक मोठा आढावा-लेख लिहिला. जी गोष्ट आपल्याला पटत नाही, ती आधी नीट समजून घ्यायची, नीट मांडायची, मग प्रश्न विचारायचे. आपल्यातले किती जण दुसऱ्या धर्माबद्दल, दुसऱ्या पक्षाबद्दल किंवा घरातल्या सुनेच्या मताबद्दल एवढा न्याय करतात?

कोणी म्हणेल, नारळीकर बरोबर ठरले असते, विश्वाला आरंभच नाही असे सिद्ध झाले असते, तर आपल्या श्रद्धेचे काय झाले असते? याचे उत्तर ख्रिस्तसभेत तेराव्या शतकापासून आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले की विश्वाला आरंभ आहे हे आपण प्रकटीकरणामुळे मानतो, केवळ बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही. आणि समजा विश्व अनादि असते, तरी ते देवामुळेच अस्तित्वात राहिले असते. देव म्हणजे घड्याळाला एकदा किल्ली देऊन निघून गेलेला कारागीर नव्हे. दिव्यामुळे उजेड असतो, तसे त्याच्यामुळे सर्व काही या क्षणीही आहे. निर्मिती ही 1380 कोटी वर्षांपूर्वीची बातमी नाही, आज सकाळचीही आहे. मग दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीने काही सापडले म्हटले काय आणि नाही म्हटले काय, देवाचे सिंहासन हलत नाही. हलते ते आपण त्याच्याखाली घातलेले लाकडी पाचर.

मुलांची श्रद्धा डळमळेल ही माझी सबबही आता मला खरी वाटत नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणावर उभी केलेली श्रद्धा दुसऱ्या कात्रणाने पडणारच. ती कात्रणावर उभी मी केली होती. आणि उद्या त्यातला एखादा मुलगा कॉलेजात जाऊन खरे काय ते वाचेल, तेव्हा त्याला दुर्बिणीबद्दल नव्हे, माझ्याबद्दल शंका येईल. पुढे तो म्हणेल, सरांनी हे चुकीचे सांगितले होते, मग पुनरुत्थानाबद्दल सांगितले तेही तसेच असेल काय? एका बनावट नोटेमुळे पाकिटातल्या खऱ्या नोटाही दुकानदार उजेडात धरून पाहतो.

आज हे काम मोबाईलवर जोरात चालते. नासाच्या संगणकाला यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस सापडला, हा संदेश तुम्हांलाही आला असेल. ती गोष्ट कित्येक वर्षे फिरते आहे आणि तिला काही आधार नाही. पण देवाचे नाव आहे म्हणून आपण ती न तपासता पुढे पाठवतो. संत पौलाने थेस्सलनीकाच्या भाविकांना सर्व गोष्टी पारखून जे चांगले ते धरून ठेवायला सांगितले. त्या ‘सर्व’ शब्दातून त्याने आपल्या आवडीच्या गोष्टी वगळलेल्या नाहीत.

फुगवट्याच्या कल्पनेचे पुढे काय झाले? ती पडलेली नाही, सिद्धही झालेली नाही. 2021 साली त्याच दक्षिण ध्रुवावरच्या गटाने अधिक काळजीपूर्वक केलेली मोजणी जाहीर केली. 2014 साली त्यांनी त्या लहरींच्या जोराचा आकडा सुमारे 0.2 सांगितला होता. आता तो 0.036 पेक्षा कमीच असावा असे त्यांनी लिहिले. त्यामुळे फुगवट्याचे काही साधे, सुंदर प्रकार बाद झाले. काही टिकून आहेत आणि परीक्षा चालू आहे. ज्यांनी चूक केली होती, त्यांनीच पुन्हा थंडीत उभे राहून आपली चूक दुरुस्त केली. त्यांना मी मानतो. ध्रुवावर जाण्याची ताकद माझ्यात नाही. माझी दुरुस्ती त्यापेक्षा पुष्कळ सोपी होती. वर्गात उभे राहून दोन वाक्ये बोलायची होती.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी की सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करावी लागते, क्षमा मिळाल्यावरही. प्रायश्चित्त संस्कारात पाप धुतले जाते, पण मी सांगितलेली गोष्ट त्या मुलांच्या मनातून आपोआप पुसली जात नाही. ती मलाच जाऊन पुसावी लागते.

म्हणून त्या तरुणाला मी परवा फोन केला. सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, रविवारी मी मुलांना काय सांगू?” मी म्हटले, “जे झाले तेच सांग. आधी सापडले असे वाटले, मग ती धूळ निघाली, आणि सरांनी सांगायला उशीर केला.” तो म्हणाला, “शेवटचं पण सांगू?” मी म्हटले, “ते आधी सांग.”

2014 साली माझ्या वर्गात बसलेली जी मुले आज मोठी होऊन या बाकांवर बसली आहेत, किंवा ज्यांचे आईबाप हे वाचत आहेत, त्यांना या पानातून सांगतो: त्या रविवारी मी तुम्हांला जे सांगितले ते खरे ठरले नाही. ते कळल्यावरही मी गप्प राहिलो, याबद्दल मला क्षमा करा. रात्री कधी गच्चीवर गेलात, बोईसरच्या दिव्यांच्या पलीकडे आकाश थोडे काळे दिसले, तर क्षणभर थांबा. तो प्राचीन प्रकाश तुमच्या अंगावर पडतोच आहे. तो नेमका काय सांगतो ते शोधणारे शोधोत. तो ज्याचा आहे त्याला आपल्या खऱ्या शब्दांनी नमस्कार करू या.